गल्लीतली होडी

अप्पा,

तुमची होडी आज गल्लीत काठोकाठ पाण्यानं भरून उभी आहे. होडी पाण्यात असायची, त्याऐवजी पाणीच होडीत आहे, आणि सकाळी ते सांध्यासांध्यातून ठिबकत गल्लीच्या टोकाच्या जुन्या राजवाड्याच्या भिंतीकडे ओघळत होतं. समोरची बाई येऊन विचारून गेली, "काय अक्का, नळ उघडाच राहिला का?" मी म्हटलं, नाही बाई, होडीला पाणी पाजतेय. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता मलाच डॉक्टरकडे न्यायला हवं. हे सगळं तुमच्यामुळे. राग येतो, अप्पा, खरंच येतो. पण कुणावर काढायचा?

पाटबंधारे खात्यातला माणूस, जन्म गेला कालव्याच्या दारांवर, आणि हौस कसली, तर शिडाची! नागपट्टणमच्या बंदरात पडून असलेली ही गोऱ्या साहेबांच्या वेळची होडी तुम्ही घेतलीत तेव्हा मी शाळेत होते. मल्लिपट्टणमच्या किनाऱ्यावर एका झापाखाली ती असायची. रविवारी आपण दोघं ओरत्तनाडूवरून बसनं जायचो. स्वयंपाकघरात आई पहाटेपासून चिंचेचा भात कालवत असते, डबा बांधून दारापर्यंत येते आणि हटकून विचारते, "मला कधी नेणार?" तुम्ही दाराबाहेर तिण्णैच्या ओट्यावर उभे राहून वर आभाळाकडे बघता आणि म्हणता, "आज वारा पडलाय. पुढच्या वेळी." आई मान डोलावते, म्हणते, "शेरी." बस्स, एवढंच. वारा तिच्यापुरताच पडायचा. आपण तिकडे पोचलो की शीड टम्म फुगायचं, आणि तुम्ही माझ्यावर खेकसायचात, "दोर हाताला गुंडाळू नकोस! नुसता धर. वाऱ्यानं ओढला तर सोडून देता आला पाहिजे." मी रडवेली व्हायचे, पण त्या रविवारांइतकं सुख मला नंतर कशात मिळालं नाही. आई घरी काय करत असेल, हे तेव्हा कधी मनातही आलं नाही.

मग निवृत्त झालात आणि होडी लॉरीत घालून इथे आणलीत. पत्र्याची शेड, खाली विटा, वर ताडपत्री. आयुधपूजेला तिला गंध, कुंकू, झेंडूची माळ. तुमच्यामागं मी तेच चालवलं. पावसाचा एक थेंब तिच्यावर पडू दिला नाही, दरवर्षी तेल चोळलं. देव्हाऱ्यातल्या देवासारखी जपली. कोळ्याच्या पोरानंसुद्धा अशी चूक केली नसती, पण आपण पडलो राजवाड्याकडची माणसं, भिजलं की खराब होतं एवढंच आपल्याला ठाऊक. लाकूड इतकी वर्षं तहानेनं आकसत गेलं, आणि गेल्या आठवड्यात ताडपत्री काढली तर फळ्यांमधून पलीकडचं मांजर दिसलं.

ताडपत्री काढली ती आईसाठी. तिचं हृदय थकलंय. डॉक्टर आता तारखांबद्दल बोलत नाहीत, नुसतं "बघू" म्हणतात. डोळ्यांनाही फारसं दिसत नाही. पोंगल झाल्यावर एक दिवस भात चिवडताना ती म्हणाली, "एकदा त्या होडीत बसव गे मला. समुद्रावर." जन्मात तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी किनाऱ्यावरून होडीचा सुतार बोलावला. त्यानं फटींत कापूस ठोकला, आत पाणी भरायला सांगितलं. लाकूड फुगेल, सांधे मिटतील म्हणाला. आई तिण्णैवर खुर्ची टाकून बसते आणि ठिबकणं ऐकते. "आज कमी झालंय की नाही गे?" रोज विचारते. कमी होतही होतं.

आज सकाळी सुतार पुन्हा आला. तळाशी विटांजवळ त्यानं बोट दाबलं आणि ते पेरभर आत गेलं. वाळवी. "फळ्या मिटतील, अक्का, पण कणा आतून माती झालाय. पाण्यात नेऊ नका. नवा घालायचा तर पावसाळा सरेल." कॉफी पिऊन तो बस धरायला निघून गेला, आणि मी रिकामा टंबलर हातात धरून गल्लीत उभी राहिले. पावसाळा सरेपर्यंत! आई तिकडून विचारतेय, "काय म्हणाला?" मी म्हटलं, चांगलं चाललंय म्हणाला.

मग तिला तुमचं बोलणं आठवलं, की गोडं पाणी लाकूड कुजवतं, खारं राखतं. खडेमिठाची बरणी आणायला लावली, खुर्ची होडीला भिडवून घेतली आणि मूठमूठ मीठ टाकत सुटली. मधेच पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, रसमचं मीठ बघावं तसं. "अजून हवं." बरणी संपली. मग कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ती बसून राहिली, बोटं हलवत. किती छान दिसत होती, अप्पा. तुम्ही बघायला हवं होतं. हात तसाच ठेवून म्हणाली, "कधी निघायचं?"

माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. "आज वारा पडलाय, आई."

तिनं हात बाहेर काढला, पदराला पुसला. "शेरी," म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "तुझ्या अप्पांचंही असंच. खोटं बोलताना वर आभाळाकडे बघायचे."

तिला का नेलं नाहीत, हे खडसावून विचारायला मी लिहायला बसले होते. आता विचारवत नाही. तुम्ही शिकवलेल्या या मराठी अक्षरांत लिहिलेलं वाचणारं घरात कुणी उरलं नाही. माझ्या मुलाला बोललेलं कळतं, वाचता येत नाही. पत्र टाकायचं तरी कुठे? राहू दे माझ्यापाशीच.

फक्त एक सांगते. दुपारपासून ठिबकणं थांबलंय. फळ्या मिटल्या, अप्पा, सगळ्या. आई झोपेतून उठायच्या आत मी जाऊन तळाचं बूच थोडं सैल करून आले, तिला ठिबकणं ऐकू येईल एवढंच.