गिअरबॉक्सचं तेल

५ जानेवारी, रविवार
गाडी सोळा वर्षांची, ऑटोमॅटिक. चाललीय फक्त एकोणीस हजार किलोमीटर. बोईसरमध्ये इतकी जपलेली गाडी दुसरी नसेल. तरी सरावलीचा मेकॅनिक बळवंत म्हणतो, गिअरबॉक्सचं तेल बदला. म्हटलं, गाडी चाललीय कुठे? तर म्हणे, साहेब, किलोमीटर नाय, वर्सं बगा. किळस आली. तीस वर्षं कारखान्यात पंप सांभाळले मी. हा मला तेल शिकवणार!

९ जानेवारी, सकाळी ७
तेल मोजायची कांडी स्वतः काढून पाहिली. लाल असायला हवं म्हणतात. काळं आहे. म्हणजे मुरलंय. जयवंतीने वास घेतला. करपलेल्या फोडणीसारखा येतोय म्हणाली. बायकोला सगळीकडे स्वयंपाकघरच दिसतं.

१४ जानेवारी
तेल थोडं कमी वाटलं. माळ्यावर इंजिन ऑइलचा डबा होता. अर्धा लिटर गिअरबॉक्समध्ये ओतलं. तेल ते तेल. काम फत्ते.

२१ जानेवारी
गिअर 'डी'त टाकला की गाडी हिसका देते, मग जरा थांबून निघते. कारण उघड आहे : एमआयडीसीचे खड्डे. शिसारी आणणारा रस्ता.
बळवंत भेटला. काय ओतलं ते ऐकून त्याने कपाळाला हात लावला. नाटकी माणूस.

१ फेब्रुवारी
उद्या केळव्याला नातीचं बारसं, दीपिकाच्या सासरी. लेकीने फोनवर बजावलं, बाबा, रिक्षाने या, पण वेळेवर या. घरची गाडी असताना रिक्षा? व्याह्यांसमोर? छे!

२ फेब्रुवारी, दुपारी १२
पालघर सोडलं आणि गाडी बसली. इंजिन बोंबलतंय, चाकं ढिम्म. जयवंती मांडीवर लाडवांचा डबा घेऊन वीस मिनिटं घड्याळ बघत होती. मग तिने शेअर रिक्षा थांबवली. चला म्हणाली. म्हटलं, गाडी अशी रस्त्यात टाकून? बरं म्हणाली, आणि गेली. डबाही नेला. कमाल आहे.

त्याच दिवशी, सायंकाळी ६
बळवंत टेम्पो घेऊन आला. जयवंतीनेच केळव्याहून त्याला फोन केला होता. त्याने कांडीवरचं तेल बोटावर घेऊन माझ्या नाकाशी धरलं. करपट, घाणेरडा वास. गिअरबॉक्स गेला म्हणाला.
दोर बांधता बांधता म्हणाला, स्वरा नाव चांगलं हाय, साहेब.
विचारलं, कोणाचं?
म्हणाला, तुमच्या नातीचं.