विनंतीत घेतलेलं नाव

सोमवार, ३ ऑगस्ट १९९८

कित्येक महिने या वहीकडे फिरकलो नाही — चुकलो. आठवडा पुरत नाही. आज बसून पुन्हा वाटणी केली: नाचणगावात कोणत्या गल्लीला कधी गृहभेट, गुरुवारी सेवाग्रामच्या इस्पितळात रुग्णांकडे, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवार प्रवचनाच्या तयारीला. सोमवार विश्रांतीचा. मोहिनी हसली. लग्नापासून तिने तो सोमवार पाहिलेला नाही!

बुधवार, ५

सायकल काढत होतो, तर फाटकात कोकिळा. प्रेमदासची बायको, तो आमच्या उपासनेत ढोलक वाजवतो. एक डोळा सुजून मिटलेला. पट्ट्याने मारतो — बकलाकडून.

"तुमचं ऐकते तो, पाद्रीसाहेब. समजावून सांगा. पण मी आलती म्हणून सांगू नका."

येतो म्हटलं. कधी, तिने विचारलं. त्यांची गल्ली कालच झाली होती. पुढच्या मंगळवारी, म्हटलं.

रविवार, ९

प्रार्थना-विनंत्या वाचल्या. मंगळवार लांब, तोवर मंडळीची प्रार्थना तरी मिळावी, म्हणून शेवटी जोडलं — कोकिळाबाईंच्या घरात शांती नांदो. सगळे आमेन म्हणाले. ढोलकामागून प्रेमदासही.

काय केलं ते जेवताना लक्षात आलं. तसंच उठून जायला हवं होतं. दुपारी तरुण संघाची सभा होती. सभा घेतली.

सोमवार, १०

काल उपासनेच्याच साडीत मारलं तिला. वरवंट्याने! जबडा मोडला, उजवा हात चेचला. शेजारच्या धुरपताबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं — "घरची गोष्ट चर्चात काऊन सांगतली?" असं विचारत होता, आणि मारत होता. पोलिसांना मात्र त्या काही सांगणार नाहीत. कोकिळाला सेवाग्रामला नेलंय.

मंगळवार, ११

ठरल्याप्रमाणे त्यांच्या गल्लीत गेलो. प्रेमदास ओट्यावर होता. पाया पडला. "पडली जी ते. प्रार्थना करा."

मी त्याच्या कानफटात मारली. मग पुन्हा. खाली पडला तेव्हा लाथ घातली, तोंडावर. तो हात जोडत होता तरी थांबलो नाही. लोकांनी ओढून काढलं. बुटावर त्याचं रक्त होतं.

बरं वाटलं. खोटं कसं लिहू? मारताना माझ्या डोळ्यांपुढे कोकिळा नव्हती. माझा रविवार होता.

बुधवार, १२

प्रेमदासचे वडील रूपराव आले — आमच्या मंडळीच्या पंचांत सर्वांत जुने. चहा घेतला, शांतपणे बोलले. "पोलीस विचारतीन, तर ते पायरीवरून पडली म्हणा. आमी म्हणतो, तुमी हात लावलाच नाई. दोन्ही घरं वाचतेत."

नाही म्हणालो नाही. कप उचलून आत ठेवला.

गुरुवार, १३

सेवाग्राम. तिचा जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही. नर्स म्हणाली, सासरे रविवारी घरी न्यायला येणार आहेत. ते ऐकून कोकिळाने डाव्या हाताने माझी बाही धरली. सुटेना.

उद्या: पुलगावच्या ठाण्यात जबाब — आधी तिला बसलेला मार, मग मी दिलेला.