वाऱ्याने पाडलेली मोटारसायकल

मंगळवार, सायंकाळ

दुपारी चारच्या सुमारास सोसाट्याचा वारा सुटला आणि आमच्या फाटकासमोर कोणीतरी लावून गेलेली मोटारसायकल आडवी झाली. मी खिडकीतच होतो. टाकीतून पेट्रोल ठिबकत होतं.

ही म्हणाली, "अहो, उचला की. नुसते बघत काय बसलात?"

"आणि गाडीवाला मीच पाडली म्हणाला तर?"

मागे एकदा शेजारीणबाईंची पडलेली स्कूटर उभी केली, तर आरसा मीच फोडला म्हणाल्या. शिवाय ही गाडी आमच्याच दारात का? चोरीची असली तर? पेट्रोल ठिबकतच होतं. मी खिडकी लोटली आणि फटीतून बघत राहिलो.

अर्ध्या तासाने मालक आला. आल्या आल्या शेजारच्या इस्त्रीवाल्या रमेशची कॉलर धरली. "तुझ्या हातगाडीनेच पाडली ना?"

"आईशपथ साहेब, हात पण नाही लावला."

मग मात्र राहवेना. अनवाणीच बाहेर गेलो. "सोडा त्याला. वाऱ्याने पडली. मी पडताना पाहिली."

त्याने कॉलर सोडली. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काका, पाहिली, तर मग उचलली का नाही?"

"कंबर दुखते," म्हणालो.

रमेश काही बोलला नाही. पण सकाळीच भरलेला गॅस सिलिंडर मी एकट्याने उचलून आत नेला होता, तोही त्याच्याच समोरून. तो गप्प का राहिला? माझी लाज राखली, की उद्या गल्लीभर सांगणार आहे?