सुईचं नेढं

१४ तारीख, सोमवार

प्रिय धाकटे,

तुझी खुशाली कळली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा फोन शुक्रवारपासून लागत नाही म्हणून तू काल मला फोन केलास. मी नुसतं ‘बघते’ म्हणाले. बाकीचं तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

तू पाठवलेला फोन आईने सगळ्या आळीला दाखवला. शेजारच्या मास्तरीणबाईंनी विचारलं, “केवढ्याला हो?”

“किंमत कोण विचारतंय! धाकटीने पाठवलाय.”

“नाकापेक्षा मोती जड,” मी म्हणाले. कुणी हसलं नाही. माझ्यासाठी ठेवलेल्या मखमलीतून आईने त्याला पिशवी शिवली.

तुला माहीत आहे, कामावर जाण्याआधी मी आईच्या सुया ओवून त्यांच्या छोट्या गादीत टोचून ठेवते. दिवसभराची काजं-बटणं त्यावर निघतात. ओवता ओवता आम्ही बोलतो. एरवी कुठे बोलणं होतं!

गेल्या आठवड्यात गादी पुढे ओढली, तर सुया ओवलेल्या. आईने कॅमेरा लावून फोन डब्याच्या कडेला टेकवून उभा केला होता. त्याच्यामागे सुई धरली की काचेवर नेढं मोठं दिसतं.

“बघ गं, हत्ती जाईल यातून! तू आता सकाळी जरा झोपत जा.”

मी माझ्या फोनवर करून पाहिलं. सुईच्या जागी धुरकट डाग. म्हणजे तुझा फोन नुसता मिरवायचा नाही. मिरवायचा असता तर मला चाललं असतं.

शुक्रवारी मी तो बंद करून कपाटावर ठेवला. बिघडलाय म्हणाले. घाईत निघाले, सुया ओवायच्या राहिल्या. संध्याकाळी आई खिडकीशी बसलेली, मांडीवर गिऱ्हाइकाचा सदरा, चोखून चोखून दोऱ्याचं टोक पिंजलेलं.

“तुझीच वाट बघत होते.”

मला आनंद झाला. मी सुई ओवून दिली. मग ती हळूच म्हणाली, “धाकटीला सांगू नकोस हं. तिला वाटेल, मला वापरताच आला नाही.”

हे ऐकूनही मी फोन खाली काढला नाही. आज सकाळी सगळ्या सुया मीच ओवल्या. पुष्कळ बोललो. बहुतेक तुझ्याविषयीच.

पत्र मिळालं की आईला फोन लावून बघ. लागला, तर तिला काही विचारू नकोस. नाही लागला, तर मी अजून सुया ओवतेय असं समज.

तुझी, वयाने तरी मोठी,
ताई