यांनी वाचलेली कविता

शनिवार, मारेगाव

शेतावरच्या आमच्या लेखक-चित्रकारांच्या शिबिराचा आज दुसरा दिवस. पाहुणे जेवून खूश. मलाच घास गेला नाही.

हे लग्नाआधी कविता लिहायचे. मग सुटलं. यांनी पुन्हा लिहावं, म्हणून तर मी हा सगळा घाट घातला. संध्याकाळी सगळ्यांसमोर मीच म्हटलं, "वाचा ना जी. लाजता कायले?"

वाचली. डाव्या हातानं वेणी घालणाऱ्या बाईची कविता. मी कुठे डावखुरी? वाटलं, कवितेत असतं असं काहीबाही. पण वाचताना यांचा गळा दाटला. सासरे गेले तेव्हाही नव्हता दाटला.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, माझ्याच डाव्या हाताकडे बघत. नेरहून आलेली कवयित्री कानात म्हणाली, "नशीबवान आहा वहिनी! भाऊंचा किती जीव तुमच्यावर!"

नंतर अंगणात विचारलं, "कोन व्हय जी ते बाई?"

"लग्नाआधीची गोष्ट आहे. तूच तं म्हनलं, खरं लिहा."

हो. मीच म्हटलं होतं.

आता आत बसून दुसरी कविता लिहून राहिलेत. इतका हलका, मोकळा चेहरा लग्नानंतर आज पहिल्यांदा पाहिला.