पेनड्राइव्हला कौल

१० जानेवारी २०१०
परवा ह्यांचं घशाचं ऑपरेशन, बांबोळीच्या इस्पितळात. नंतर आवाज राहणार नाही – डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. आणि जत्रेच्या नाटकाची नांदी तर आमच्याच घराने म्हणायची, अशी रीत! म्हणून बहिणीचा रुद्रेश बेंगळूरहून अॅपलचा लॅपटॉप घेऊन आला. सकाळभर ओसरीवर रेकॉर्डिंग. तीच नांदी, पुन्हा पुन्हा. लग्न झाल्यापासून ऐकतेय – कान किटले!

१५ जानेवारी
ऑपरेशन झालं. हे पाटीवर लिहून चहा मागतात.

२६ जानेवारी
रुद्रेशने दिलेला पेनड्राइव्ह देवळाच्या कॉम्प्युटरला लावला. उघडेना. अॅपलवर तयार केलेला, इथल्या विंडोजला त्याची ओळखच नाही. वर विचारतो – फॉरमॅट करू? मी म्हटलं, रुद्रेशला फोन लावा. कमिटीचे अध्यक्ष दत्ताराम म्हणाले, "आपली देवी आसताना बेंगळूराक कित्याक विचारूचा?"

घ्या! सगळी कमिटी गाभाऱ्यासमोर. भटजींनी देवीला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं – फॉरमॅट करूया काय? उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. दत्तारामांनी हात जोडले आणि 'होय' दाबलं.

पेनड्राइव्ह उघडला हो! आत सगळं पुसलेलं. देवीला विंडोज येतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

२७ जानेवारी
रुद्रेशला फोन केला, पण त्याला जत्रेआधी यायला सुटी नाही. दत्ताराम घरी आले. म्हणे, देवीचीच इच्छा. मी चहा विचारला नाही.

३० जानेवारी
जत्रा. नांदी शंभू मास्तरांनी म्हटली. सूर एकीकडे, पेटी दुसरीकडे. हे पुढच्या रांगेत मांडीवर ताल धरून बसलेले. मला तिथे बसवेना. घरी येऊन रडले.

२ फेब्रुवारी
रुद्रेश आला. म्हणाला, कमिटीला दिलेलं कापून साफ केलेलं होतं, ते गेलं. लॅपटॉपवर कच्चं तेवढं उरलंय. नव्या पेनड्राइव्हवर आणलंय, ह्या वेळी दोन्हीकडे चालेल असं.

लावलं. नांदी ऐन रंगात, आणि मध्येच मी स्वयंपाकघरातून – "पुरे आता, पेज निवली!" मग ह्यांचं हसणं. मग रुद्रेशला म्हणतात, "ह्या काढू नको रे. तिचो आवाज रवांदे."

मेल्याने तेच कापलं होतं.

उद्या देवीची ओटी भरायला जायचंय.