डावं नवं, उजवं जुनं

तीर्थरूप मामा,

तुम्हाला वाकून नमस्कार, आणि मामीला त्याहून थोडा जास्त वाकून. तुमची कंबर कशी आहे? मामीचा गुडघा काय म्हणतो? गाडी कशी आहे? (ती सध्या सुरू करत नसाल अशी आशा आहे. या हवेत जुन्या गाड्यांना विश्रांती बरी.) मागच्या आठवड्यात मी येऊन गेलो तेव्हा तुम्ही दुपारचे झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. नुसती तुमची गाडी पुसली आणि परत फिरलो. मामीने सांगितलं असेलच.

आई तुम्हाला फोनवर काय सांगते ते मला ठाऊक आहे. पण मामा, मी कॉलेज सोडलं हे अर्धसत्य आहे. सरांशी वाद झाला, डोकं फिरलं आणि ‘हा चाललो’ म्हणून उठलो. वाटलं, दारापर्यंत कुणीतरी अडवेल. कुणी अडवेना. मग फाटकापर्यंत मुद्दाम रमतगमत गेलो. तिथेही कुणी नाही. आता खरोखर गेल्याशिवाय इलाजच उरला नाही. पण त्यामुळेच मी उस्तादांच्या गॅरेजात लागलो, त्यामुळेच मास्तरांची गाडी माझ्या हाती आली, आणि गाडीमागोमाग मास्तरांची मुलगी. (हाती नव्हे, नजरेसमोर. मामीने गैरसमज करून घेऊ नये.)

मास्तर भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत. बाई, म्हणजे त्यांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची गाडी म्हणजे तुमच्याच गाडीची सख्खी बहीण, फक्त तुमची हिरवी आणि ती सायीच्या रंगाची. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांच्या आखडलेल्या माना सोडवते. तिला पाहिल्यापासून माझी मान एकाच दिशेला आखडली आहे, पण तेवढ्यासाठी तिच्याकडे नाव नोंदवायची हिंमत होईना.

बापलेकीचं भांडण होतं इंजिनाच्या माउंटिंगचं. तुम्हाला सांगायला नको, पण पत्र मामीही वाचेल म्हणून सांगतो. इंजिन थेट लोखंडावर ठेवत नाहीत. ते दोन बाजूंच्या जाड रबरी ठोकळ्यांवर बसतं, आणि त्याची सगळी थरथर ते ठोकळे गिळतात. मास्तरांच्या ठोकळ्यांनी गिळणं कधीच सोडलं होतं. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवलं की आरसा, दारं, आत बसलेली माणसं, सगळी मिळून माना डोलवायची. मुलीचं म्हणणं, बाबांच्या मानेचं आधीच वाटोळं झालंय, नवी माउंटिंग टाका. मास्तरांचं म्हणणं, सीट बदला, दिवे बदला, पण त्या दोन ठोकळ्यांना हात लावायचा नाही. उस्ताद म्हणाले, गिऱ्हाईक म्हणेल तसं कर, आणि चहाला गेले. इकडे गिऱ्हाईकं दोन. मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, तू तरी माझं ऐकशील ना? मी हो म्हणालो. मग मास्तरांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, जुनीच राहतील ना? मी त्यांनाही हो म्हणालो. मामा, त्या घरातल्या कुणालाही नाही म्हणणं मला जमत नाही.

आता मी तापट असेन, पण खोटारडा नाही. दोघांचाही शब्द राखायचा म्हणून मी डावं माउंटिंग नवं टाकलं आणि उजवं जुनंच ठेवलं. (बॉनेट उघडल्यावर मास्तर उजवीकडून बघतात.) उस्तादांनी पाहिलं असतं तर पान्याने हाणलं असतं. नवं ताठ, जुनं बसकं, त्यामुळे इंजिन एका कुशीवर कललं. तशाच गाडीत मागे मास्तर, पुढे त्यांची मुलगी आणि चालवायला मी, असे चाचणीला निघालो. पहिल्याच स्पीडब्रेकरला उजवं माउंटिंग फाटलं, पंखा रेडिएटरमध्ये घुसला आणि बॉनेटमधून अशी वाफ निघाली की समोरच्या दुकानदाराने बादलीभर पाणी आणून आधी माझ्यावरच ओतलं.

मास्तर रागावतील म्हणून मी भांडायच्या तयारीत उभा राहिलो. ते रागावलेच नाहीत. फाटलेला ठोकळा त्यांनी रुमालात गुंडाळला आणि फुटपाथवर बसले. मग हळूहळू सांगू लागले. तरुणपणी याच गाडीत, इंजिन चालू ठेवून, त्यांनी बाईंना लग्नाचं विचारलं होतं. बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांची मान हलली. मास्तरांनी तो होकार धरला. पुढे संसारात खटका उडाला की बाई ऐकवायच्या, ‘मी कुठे हो म्हटलं होतं? तुमचं इंजिनच हललं.’

मुलीने हे कधीच ऐकलं नव्हतं. ती लगेच म्हणाली, जुनीच बसवू. तिचा चेहरा पाहून मास्तर म्हणाले, नको, नवीच टाकू. आणि दोघांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

या वेळी मात्र मी दोघांना हो म्हणालो नाही. जुनीच बसवली, दोन्हीकडे. आणि मास्तरांसाठी मानेला आधार देणारी उंच पाठीची सीट टाकली. ती त्यांच्या मुलीने निवडली, त्यामुळे कुणाची तक्रार नाही.

काल चाचणीला ती एकटीच आली. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि घसा खाकरला. तिने शांतपणे हात पुढे करून किल्ली फिरवली. इंजिन बंद. म्हणाली, ‘आता विचार.’

विचारलं. ती काही बोलली नाही. मान हलली. पण मामा, माझं नशीब बघा, नेमका त्याच वेळी शेजारून ट्रक धडधडत गेला. तेव्हा हलली ती तिने हलवली की ट्रकने, हे मला सांगता येत नाही. कालपासून अन्न गोड लागत नाही. मोठ्यांच्या तब्येतीला जपावं, लोभ असू द्यावा.

तुमचा भाचा

ता.क. येत्या रविवारी येऊन माझ्यासाठी मास्तरांशी बोलाल का? आईला आधी कळवू नका. बसनेच या.

ता.क. दुसरा. बसने अशासाठी की मास्तरांच्या गाडीत आता उजवीकडे जे जुनं माउंटिंग आहे, ते तुमच्या गाडीचं आहे. तुमच्या गाडीत त्या जागी तूर्त लाकडाचा ठोकळा आहे. कृपा करून सुरू करू नका. मास्तरांना मी सांगितलंय की ते तुम्ही आनंदाने दिलंत, तेव्हा येताना तेवढा आनंद चेहऱ्यावर असू द्या.

ता.क. तिसरा. पत्र पाकिटात घालण्याआधी तिने हातातून ओढून घेऊन वाचलं. ती म्हणते, ट्रक गेला तो नंतर.